गावाचं नाव गाळलं की पेपर राष्ट्रीय होतो

भांडण पेपरच्या बिलावरून सुरू झालं. ते बिलावरच मिटलं असतं, तर मी हे लिहायला बसले नसते.

ठाण्याच्या घरचा आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. दादा, वहिनी, त्यांचा मुलगा, दोन मावश्या, सकाळी नुसती फुलांची चित्रं पाठवणारे एक काका, आणि मी. गेल्या महिन्यात भाच्यानं तिथे टाकलं की घरात दोन पेपर येतात ते जास्त होतात, आजीचा मराठी बंद करू आणि एक नॅशनल डेली ठेवू. इथवर ठीक होतं. पण पुढे होतं, 'रिजनल पेपरमध्ये तसंही असतं काय?' पोराचा यूपीएससीचा एक प्रयत्न झालाय, दुसरा तोंडावर आहे. क्लासमध्ये पहिल्याच दिवशी सांगतात, नॅशनल डेली लावा, हिंदू नाहीतर एक्सप्रेस, रोज दोन तास, नोट्स काढा. त्याचं मी समजू शकते. पण त्या मेसेजवर दादानं अंगठा दिला. दादानं! सकाळचा पेपर आधी कोण उघडणार यावरून दहावीपर्यंत ज्यानं माझ्या वेण्या ओढल्या, त्यानं.

मी इकडे मँचेस्टरला, ऑल्ट्रिंगमच्या ट्रॅममध्ये होते. एका हातात कॉफी, दुसऱ्या हातानं लांबलचक उत्तर लिहिलं आणि पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. ठाण्यात साडेबारा वाजले होते, पानं वाढली असतील, कोण वाचणार. ते पुसलेलं उत्तर म्हणजे हा लेख.

नौपाड्यात आमची तीन मजली इमारत होती. आता तिथे टॉवर आहे, आणि पेपर खालच्या लॉबीतल्या खणात पडतो, कारण पेपरवाल्यानं लिफ्ट वापरायची नाही असा सोसायटीचा ठराव आहे. तेव्हा लिफ्टच नव्हती. पेपरवाला सायकलवरून न उतरता पेपराची सुरळी करून दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत भिरकवायचा. नेम चुकला की पेपर तुळशीच्या कुंडीत किंवा खालच्यांच्या पत्र्यावर. पहाटेची गाडी पकडायला स्टेशनवर जायची वेळ आली, तर बाहेर फुटपाथवर गठ्ठे सोडून बसलेली पोरं दिसायची, एकेका पेपराच्या पोटात पुरवणी सारत. त्या वेगानं नोटा मोजणारा कॅशियर मी अजून पाहिलेला नाही.

बाबा वागळे इस्टेटमध्ये एका कंपनीत स्टोअर्स सांभाळायचे. फर्स्ट शिफ्ट असली की पेपर यायच्या आधीच घराबाहेर. म्हणून आमच्याकडे पेपर संध्याकाळी वाचला जायचा, चार घड्या घालून, हातात पेन्सिल. पेपर महाराष्ट्र टाइम्स, पण घरात त्याला संपादकाच्याच नावानं ओळखायचे. 'आज तळवलकर काय म्हणतात?' गोविंद तळवलकर १९६८ पासून १९९६ पर्यंत संपादक होते, म्हणजे माझं अख्खं बालपण, शाळा आणि कॉलेज. ब्रिटनचं मंत्रिमंडळ डळमळतंय, रशियात काय शिजतंय, हे नौपाड्यातल्या तीन खोल्यांत आम्हाला त्या अग्रलेखांतून कळायचं. बाबा अग्रलेखाखाली रेघा ओढायचे आणि दुसऱ्या दिवशी कंपनीत कोणाला तरी त्या ऐकवायचे. आई मात्र शेवटून वाचायला लागायची. आधी निधन वार्ता, मग ठाण्यात पाणी कधी जाणार, मग शब्दकोडं. पहिलं पान तिनं कधी पाहिलं असेल तर ते शेंगदाण्यांची सालं काढताना खाली पसरायला.

आता या पेपरला 'रिजनल' म्हणायचं. हाउस ऑफ कॉमन्सपासून कोपरीतल्या फुटलेल्या पाइपलाइनपर्यंत सगळं ज्यात होतं, त्याला. आणि नॅशनल कोण?

भाच्याचा हिंदूच घेऊ. तो पेपर निघाला २० सप्टेंबर १८७८ ला, मद्रासमध्ये. टी. मुथुस्वामी अय्यर या भारतीय माणसाला हायकोर्टात न्यायाधीश केलं म्हणून तिथल्या साहेबांच्या पेपरांनी नाकं मुरडली. त्यावर सहा तरुण चिडले, त्यांनी एक रुपया बारा आणे उसने घेतले आणि ८० प्रती छापल्या. तेही साप्ताहिक. दैनिक व्हायला आणखी अकरा वर्षं लागली. म्हणजे ज्याच्या नोट्स काढून आमचा मुलगा कलेक्टर होणार आहे, तो पेपर एका शहरातल्या एका नेमणुकीवरच्या भांडणातून जन्मलेला. त्या सहांमधले जी. सुब्रमण्य अय्यर तर नुसत्या इंग्रजीवर थांबले नाहीत. १८८२ मध्ये त्यांनी तमिळमध्ये 'स्वदेशमित्रन्' काढला, आणि पुढे हिंदू सोडला तो त्या तमिळ पेपरला वाहून घेण्यासाठी. हिंदूच्या संस्थापकाला तमिळ पेपर पुरेसा राष्ट्रीय वाटत होता. क्लासवाल्यांना वाटत नाही.

टाइम्स ऑफ इंडियाचं तेच. ३ नोव्हेंबर १८३८ ला तो सुरू झाला 'बॉम्बे टाइम्स अँड जर्नल ऑफ कॉमर्स' या नावानं. मुंबईच्या व्यापाऱ्यांचा पेपर. कोणती बोट आली, कापसाचा भाव काय. १८६१ मध्ये नावातलं बॉम्बे जाऊन इंडिया आलं. पत्ता मुंबईचाच राहिला. बॉम्बे टाइम्स निघायच्या सहा वर्षं आधी, ६ जानेवारी १८३२ ला, बाळशास्त्री जांभेकरांचा 'दर्पण' निघाला होता, एका पानावर शेजारी शेजारी दोन स्तंभ, एक मराठी, एक इंग्रजी. कुठला स्तंभ नॅशनल आणि कुठला रिजनल, हे जांभेकरांना विचारायला हवं होतं.

ही उतरंड आली कुठून, तेही सांगते. १८७८ मध्येच, हिंदू निघायच्या सहा महिने आधी, लॉर्ड लिटननं व्हर्नाक्युलर प्रेस ॲक्ट आणला. देशी भाषांतल्या पेपरांना जामीन आणि जप्तीची भीती, इंग्रजी पेपरांना मोकळीक. कलकत्त्याची 'अमृत बझार पत्रिका' तोवर बंगालीतही निघायची. कायदा झाल्याबरोबर ती पूर्ण इंग्रजी झाली आणि निसटली. तेव्हा बाळा, तुझा 'रिजनल' हा शब्द लिटनसाहेबाच्या 'व्हर्नाक्युलर'चा नातू आहे. त्या काळी ठाण्यातूनसुद्धा पेपर निघायचा, १८६६ पासून, 'अरुणोदय' नावाचा. अशा देशी पेपरांचे उतारे सरकारी भाषांतरकार दर आठवड्याला इंग्रजीत करून साहेबापुढे ठेवायचे. सरकार ठाण्याचा पेपर भाषांतर करवून वाचत होतं. आमच्या मुलाला आयता मराठीत दाराशी येतो, तर नको.

टिळक-आगरकरांना हे गणित पक्कं माहीत होतं. १८८१ च्या जानेवारीत दोन दिवसांच्या अंतरानं दोन पेपर निघाले, इंग्रजी 'मराठा' आणि मराठी 'केसरी'. साहेबाला ऐकवायचं ते इंग्रजीत, आपल्या माणसांशी बोलायचं ते मराठीत. आणि सरकारनं टिळकांना मंडालेला पाठवलं ते कशावरून? केसरीतल्या लेखांवरून. १९०८ चे 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत'. ज्यूरीत सात युरोपीय आणि दोन पारशी, मराठी वाचता येणारा त्यांत एकही नाही. भाषांतरावर खटला चालला, सात विरुद्ध दोन असा निकाल लागला, सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या. वर्षाला एक दिवस. इंग्रजी अग्रलेखासाठी कुठल्या गिरणीचा भोंगा थांबल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

हे सगळं मी अखेर ग्रुपवर लिहिलं. भाच्याचं उत्तर आलं, 'आत्या, हे मॉडर्न हिस्टरीत आहे. दोन मार्कांना येतं.'

मग मी माझ्याकडचा हुकमी पत्ता काढला, मँचेस्टर.

मी रोज सेंट पीटर्स स्क्वेअरला ट्रॅम बदलते. तिथेच, १६ ऑगस्ट १८१९ ला, मताचा हक्क मागायला जमलेल्या निःशस्त्र लोकांवर घोडेस्वार घातले गेले. माणसं मेली, शेकडो जखमी झाली. लंडनच्या टाइम्सच्या बातमीदाराला पकडलं होतं, म्हणून जॉन एडवर्ड टेलर नावाच्या इथल्या एका कापूस व्यापाऱ्यानं स्वतः हकिगत लिहून लंडनला पाठवली, सरकारी कहाणी पोचायच्या आधी. दोन वर्षांनी, ५ मे १८२१ ला, त्यानं आपलाच पेपर काढला, 'मँचेस्टर गार्डियन'. आठवड्यातून एकदा, किंमत सात पेनी, त्यातले चार सरकारचा कर. १८५५ मध्ये कर उठला तेव्हा तो रोज निघायला लागला. पुढे सी. पी. स्कॉट नावाचे संपादक आले ते १८७२ ते १९२९, सत्तावन्न वर्षं. आपल्या तळवलकरांच्या दुप्पट. मतं मोकळी, पण तथ्यं पवित्र, हे त्यांचं १९२१ मधलं वाक्य इथे पत्रकारितेच्या वर्गात भिंतीवर लावतात. हा पेपर जगभर वाचला जाऊ लागला तेव्हाही नावात मँचेस्टर होतंच. मँचेस्टरला बसून जगाबद्दल बोलायची कोणाला लाज वाटत नव्हती.

लाज वाटायला लागली १९५९ मध्ये. त्या वर्षी नावातून मँचेस्टर गळलं. १९६४ मध्ये संपादक लंडनला गेला. तेव्हापासून तो राष्ट्रीय. माझा मुद्दा एवढाच होता की गावाचं नाव गाळलं की पेपर राष्ट्रीय होतो, मजकूर बदलावा लागत नाही. बॉम्बे टाइम्सचं तेच, गार्डियनचं तेच. मटा आणि लोकसत्तानं महाराष्ट्र आणि मराठी सोडलं नाही म्हणून ते रिजनल. देशात सर्वांत जास्त खपणाऱ्या दैनिकांच्या यादीत वरच्या जागा हिंदी पेपरांच्या असतात, मल्याळम पेपर तिथे असतो, पण 'नॅशनल' म्हटलं की हात जातो तो इंग्रजीकडे.

यातली एक गोष्ट मी ग्रुपवर लिहिली नाही. गार्डियन लंडनला गेला तेव्हा त्याच्याकडे पैसे नव्हते. ते यायचे 'मँचेस्टर ईव्हनिंग न्यूज'कडून, त्याच मालकांच्या संध्याकाळच्या पेपरकडून. त्यात काय असायचं? इथल्या चोऱ्या, इथला फुटबॉल, सोफ्याच्या आणि जुन्या गाड्यांच्या छोट्या जाहिराती. गावात राहिलेल्या या पेपरच्या नफ्यावर तो जगाबद्दल बोलणारा पेपर वर्षानुवर्षं जगला. २०१० मध्ये गावचे दिवस वाईट आले, तेव्हा राष्ट्रीयवाल्यांनी त्याला विकून टाकलं.

दादा ठाण्यातच राहिला. बाबांचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा, ते त्यानं केलं. रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगा, भाड्याच्या घरात तीन वर्षं, आईला घेऊन दोनदा सामान हलवणं, सगळं त्यानं. मी पैसे पाठवत होते, हे मी इथे मुद्दाम लिहिते आहे, कारण ते कोणी लिहीत नाही.

असो. विषय पेपरचा चालला आहे.

मँचेस्टरचा आणि आपला धागा जुना आहे. १८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस थांबला, लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. बॉम्बे टाइम्स 'ऑफ इंडिया' झाला तो नेमका त्याच वर्षी. योगायोग असेल, पण अंगावर नवं जाकीट चढवायला खिसा गरम लागतोच. इथले उपाशी कामगार तरीही गुलामगिरीविरुद्ध लिंकनच्या बाजूनं उभे राहिले, लिंकननं त्यांना पत्र पाठवून आभार मानले, त्याचा पुतळा आजही शहरात आहे. आणि हा थोर उदारमतवादी गार्डियन? तो लिंकनवर नाराज होता. मालक कापसाचे.

पण, आणि इथे मला आपल्या लोकांना दोन शब्द सुनावायचे आहेत, त्यांनी ते कबूल केलं. २०२३ च्या मार्चमध्ये गार्डियनच्या ट्रस्टनं, आपल्या संस्थापकांचा पैसा गुलामांनी पिकवलेल्या कापसाशी जोडलेला होता, म्हणून जाहीर माफी मागितली. दोनशे वर्षांनी का होईना. शिवाय १९९७ पासून चुकांच्या दुरुस्त्यांचं रोजचं सदर आहे आणि वाचकांच्या तक्रारी ऐकायला वेगळा संपादक. मुद्रणदोषांबद्दल हा पेपर इतका बदनाम होता की लोक चेष्टेनं त्याला 'ग्रॉनियड' म्हणतात, तेही तो स्वतः सांगतो.

आणि आपल्याकडे? बाबा गेले तेव्हा आम्ही निधनाची जाहिरात दिली, एका मराठी दैनिकात. आमचा रोजचा नव्हे, दुसऱ्या. दशक्रियेची तारीख एक दिवस पुढची छापून आली. दादा त्यांच्या कचेरीत गेला. त्याला सांगण्यात आलं की हस्तलिखितातला सहा सातासारखा दिसतो. दुरुस्ती हवी असेल तर नव्या जाहिरातीचे पैसे भरा. बाबांच्या कंपनीतली चार माणसं दुसऱ्या दिवशी घाटावर जाऊन आली, तिथे कोणी नव्हतं. आयुष्यभर त्यांच्याकडून अग्रलेख ऐकलेली माणसं. ही गोष्ट मी इथे मँचेस्टरात निदान पन्नास जणांना सांगितली असेल, दुरुस्त्यांच्या सदराचं कौतुक करताना. आता मोजलं तेव्हा कळलं की यातल्या एकालाही 'दशक्रिया' शब्द मी समजावला नव्हता, नुसतं 'फ्युनरल' म्हणून भागवलं होतं.

ग्रुपवर हे सगळं टाकल्यावर भाचा म्हणाला, 'आणि फोन हॅक करणारा पेपर कुठला होता, आत्या? ठाण्याचा?'

न्यूज ऑफ द वर्ल्ड. १६८ वर्षं चाललेला, २०११ मध्ये बंद झाला, खून झालेल्या मुलीच्या फोनमधले निरोप ऐकले म्हणून. मुलाला एथिक्सच्या पेपरसाठी पाठ आहे. मी लगेच लिहिलं की ते उघडकीला आणलं गार्डियननंच. हे खरं आहे. मी ज्या घाईनं ते लिहिलं, जणू बातमी मीच काढली होती, तेही खरं.

मग त्यानं तो प्रश्न विचारला. 'तू कोणता पेपर घेतेस?'

घेत नाही. गार्डियन आज जवळपास तीन पौंडांना मिळतो. एका दिवसाच्या त्या पैशात आईचा महिन्याचा पेपर येऊन वर कोथिंबीर येईल. ट्रॅमच्या थांब्यावर फुकटचा मेट्रो असतो, तो उचलते, शब्दकोडं सोडवते, सीटवर ठेवून उतरते. गार्डियन फोनवर वाचते. तिथे कुंपण नाही, खाली नम्रपणे लिहिलेलं असतं की परवडत असेल तर हातभार लावा. परवडतं. मी दर वेळी 'नंतर आठवण करा' दाबते. माझ्या निळ्या बिनमध्ये पिझ्झाची पत्रकं आणि खोकी असतात, पेपर नसतो. आणि मराठी? मराठी पेपरांच्या पीडीएफ एका ग्रुपवर येतात. ते बेकायदेशीर आहे हे मला माहीत आहे. गेली सहा वर्षं मराठी पेपरला मी एक पैसा दिलेला नाही, आणि तो बंद करू नका म्हणून भांडते आहे.

त्या पीडीएफमध्येही मी काय वाचते? ठाण्याची पानं. शुक्रवारी पाण्याचा शटडाऊन आहे, नौपाडा-पाचपाखाडीत चोवीस तास पाणी नाही, हे मला इथे अंथरुणात कळतं. माझ्या स्वतःच्या रस्त्यावर गॅसच्या पाइपसाठी खोदकाम आहे, हे मला गाडी वळवल्यावर बॅरिकेड दिसलं तेव्हा कळलं. कौन्सिलच्या निवडणुकीत मत देते. आमच्या वॉर्डाचे तीन नगरसेवक कोण, हे विचारलंत तर मला फोन काढावा लागेल. नौपाड्यातले सांगेन, पक्षांतरांसकट.

आणि लोक विचारतात, तू मूळची कुठली, तेव्हा मी 'बॉम्बे' म्हणते. वीस वर्षं म्हणते आहे. ठाणं कोणाला कळणार? पहिली रेल्वे जिथे आली ते गाव, असं सांगता येईल, सुरुवातीला सांगायचेही, पण समोरचा 'इंटरेस्टिंग' म्हणून ग्लास बदलायला जातो. मग गाळून टाकलं. गार्डियनला १९५९ वरून मी जे टोचून बोलले, ते जरा घाईचं झालं असेल. ब्रिटनचा लाल पासपोर्ट निळा झाला तरी जन्मस्थानासमोर 'ठाणे' छापलेलं येतं, ते एक त्यांनी ठेवलं आहे.

बाहेर जाऊन परतलेली माणसंही असतात, हे मला कोणी सांगायला नको. नानासाहेब परुळेकर कोलंबिया विद्यापीठात शिकले, अमेरिकेतले पेपर बघितले, आणि परत येऊन १ जानेवारी १९३२ ला पुण्यात 'सकाळ' काढला. लोकांच्या रोजच्या जगण्यातली बातमी पहिल्या महत्त्वाची, हे त्यांनी शिकवलं. उलट तळवलकर, जन्म डोंबिवलीचा, निवृत्तीनंतर अमेरिकेत गेले, तिथून लिहीत राहिले, २०१७ मध्ये ह्यूस्टनला वारले. बाबा तेव्हा होते. त्यांनी फोनवर एवढंच विचारलं होतं, 'तिथे त्यांना मराठी पेपर मिळत असेल का गं?' मी म्हटलं, ऑनलाइन मिळतो सगळा. ते गप्प झाले. त्यांना ते उत्तर नको होतं.

आजचा मराठी पेपर मी डोक्यावर घेऊन नाचावा असा राहिलाय, असंही नाही. गेल्या खेपेला घरी होते तेव्हा पेपर उघडायला चार पानं बिल्डरांच्या जाहिरातींची उलटावी लागली. घोडबंदरचे टॉवर, स्विमिंग पुलाशेजारी हसणारं गोरं कुटुंब. घोडबंदर रोडवर दीड तास अडकलेल्या माणसांची बातमी आतल्या पानावर, त्याच टॉवरांच्या पाठीला पाठ लावून. मी तावातावानं बोलले, तर दादा म्हणाला, 'पाच रुपयांत काय यावं अशी तुझी अपेक्षा आहे?' पाच रुपयांत कागदाचा खर्चही निघत नाही, जाहिरातच पेपर चालवते, हे मला कळतं. पण सुट्टीला आलेल्या माणसाला सगळं जसंच्या तसं हवं असतं आणि सुधारलेलंही हवं असतं.

तर, दादाचा अंगठा. तो माझ्या मनातून जाईना. रविवारी मी व्हिडिओ कॉल लावला आणि सरळ विचारलं, बाबांचा पेपर तू बंद कसा करू शकतोस?

दादा म्हणाला, "अगं, आईला दिसत नाही आता. अक्षरं मधोमध पुसली जातात तिची. मॅक्युलाचं आहे. डोळ्यात इंजेक्शनं चालू आहेत. तुला सांगितलं होतं की दिवाळीत."

सांगितलं होतं. मला आठवलं, मी तेव्हा आल्डीत रांगेत होते, 'हो का, डॉक्टर काय म्हणतात' असं म्हणून सामान पट्ट्यावर ठेवत होते. मी हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते. ती इंजेक्शनं आमच्या फ्रिजमध्ये असतात, दर आठवड्याला मोजून डोळ्यांच्या क्लिनिकला मीच पाठवते.

पुढचं वहिनीनं सांगितलं. सहा महिने भाचाच आजीला पेपर वाचून दाखवतोय. रोज सकाळी अर्धा तास, मग त्याचा हिंदू, मग क्लास. परीक्षा जवळ आली, तो अर्धा तास जड व्हायला लागला, म्हणून त्यानं डोकं लढवलं की हिंदूच मराठीत करून आजीला वाचून दाखवू, एका दगडात दोन पक्षी. चार दिवस केलंही. फेडरलिझम, मान्सून, श्रीलंकेचं कर्ज. पाचव्या दिवशी आई म्हणाली, "छान वाचतोस रे. पण आपल्या इथलं कोण गेलं ते सांग."

भाचा मागे उभा होता, टॉवेल खांद्यावर. मी म्हटलं, "मला ग्रुपवर का नाही सांगितलंस?" तो म्हणाला, "आत्या, तू लिटनवर होतीस."

मग आईलाच विचारायचं ठरलं, जे आम्ही कोणीच केलं नव्हतं. आई म्हणाली तिला पहिली पानं नकोत, ती टीव्हीवर ओरडून सांगतात. तिला ठाण्याची पुरवणी हवी. तेवढी वाचायला दहा मिनिटं लागतात, पोराचाही वेळ जायचा नाही. सगळ्यांना पटलं. दादानं माझ्यासमोरच पेपरवाल्याला फोन लावला, स्पीकरवर. हा पेपरवाला म्हणजे गॅलरीत सुरळी भिरकावणाऱ्याचा मुलगा.

"काका, पुरवणी सुटी येत नाही," तो म्हणाला. "पेपरच्या पोटात असते ती. पेपर घ्यावाच लागतो."

दादानं आईकडे बघितलं. आईनं चष्मा काढून पदराला पुसला, दिसत नसलं तरी ती सवय आहे.

"मग येऊ दे की सगळाच," ती म्हणाली. "रद्दीला वजन नको?"